सोसणे म्हणजे उपचार नव्हे

भारतीय कुटुंबात स्त्रीच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक वळणाला एखादा विधी लाभलेला आहे. न्हाण आले की मखर, लग्नात हळद, पहिल्या गर्भारपणी डोहाळजेवण, मूल झाले की पाचवी आणि बारसे. शरीरात होणारा बदल ही एकटीची गोष्ट नसून त्याची दखल साऱ्या घराने घ्यायची असते, हा विचार या परंपरांच्या मुळाशी आहे. मात्र याच शरीरातील शेवटचे मोठे स्थित्यंतर, म्हणजे पाळी जाणे, या साखळीतून निसटले आहे. त्या वेळी ना विधी असतो, ना विचारपूस. बहुतेक घरांत त्याविषयी शब्दही निघत नाही. रात्री घामाने चिंब होऊन उठणारी, क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येणारी, जिना चढताना गुडघा धरणारी गृहिणी सकाळी नेहमीप्रमाणे चहा ठेवते आणि घर नेहमीप्रमाणे चालू राहते. मराठीत यासाठी एक अचूक शब्दप्रयोग आहे : दुखणे अंगावर काढणे.

या मौनात एक महत्त्वाचा निर्णय हरवून जातो. पाळी जाताना शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घसरते. ते काही काळ औषधरूपाने भरून काढण्याच्या उपचाराला संप्रेरक उपचार, किंवा शहरी दवाखान्यातील रूढ भाषेत ‘एचआरटी’, म्हणतात. तो घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न आज भारतातील कोट्यवधी स्त्रियांपुढे उभा राहू शकतो. प्रत्यक्षात तो फारच थोड्या जणींपुढे येतो आणि ज्यांच्यापुढे येतो, त्यांचेही उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच कोणीतरी दिलेले असते. कधी जाहिरात, कधी ऐकीव भीती, तर कधी ‘या वयात असे व्हायचेच’ हे घरगुती तत्त्वज्ञान.

सवच्या कुंडांवरून

रायगड जिल्ह्यात महाडजवळ, सावित्री नदीच्या काठी सव हे गाव आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीकडे जाते. तिच्या काठचे हे गाव परिचित आहे ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत कोकणात अशा उन्हाळ्यांची एक माळच आहे. वज्रेश्वरी, उन्हवरे, आरवली, राजापूर ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. भूगर्भात खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापते आणि खडकांतील भेगांतून वर येते, हे त्यामागचे शास्त्र. सांधेदुखी, अंगदुखी आणि त्वचेचे विकार यांसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या या कुंडांचा आधार घेत आले आहेत.

पन्नाशीच्या आसपास अंग दुखू लागलेल्या स्त्रीने अशा कुंडात शेक घ्यावा, यात काही वावगे नाही. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैलावतात, चार घटका विश्रांतीही मिळते. पण शेकाने आराम पडला म्हणून दुखण्याचे कारण कळले, असे होत नाही. भारतीय स्त्रियांच्या या वयातील तक्रारींत सांधेदुखी आणि थकवा या वारंवार आढळतात. त्यामागे इस्ट्रोजेनची घट असू शकते, तसेच रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा वर्षानुवर्षे चिखलात वाकून केलेली भातलावणीही असू शकते. सवपासून पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत ज्या स्त्रीच्या डोक्यावरून हंडा आणि मोळी उतरलेली नाही, तिच्या गुडघेदुखीचे खापर केवळ वयावर फोडणे जितके चूक, तितकेच ते केवळ संप्रेरकांवर फोडणेही चूक. निर्णयाची पहिली पायरी म्हणजे दुखणे नेमके कशाचे आहे, हे तपासून घेणे.

निसर्गक्रम आणि उपचार

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे, हे भारतीय वैद्यकाने फार पूर्वी ओळखले होते. सुश्रुतसंहितेत रजोदर्शनाचे वय १२ आणि निवृत्तीचे वय ५० वर्षे सांगितले आहे. ती व्याधी नसून शरीराच्या परिपक्वतेचा क्रम आहे, ही त्यामागची दृष्टी. आज भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी जाते, तर पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. याचा अर्थ येथील स्त्रीला इस्ट्रोजेनच्या संरक्षणाविना अधिक वर्षे काढावी लागतात.

क्रम नैसर्गिक आहे म्हणून त्यातील त्रास सोसलाच पाहिजे, हा निष्कर्ष मात्र त्या दृष्टीतून निघत नाही. प्रसूतीही नैसर्गिकच आहे, तरी सुईण लागते. मोतीबिंदू वयानेच येतो, म्हणून कोणी आजीला आंधळे राहू देत नाही. अंगातून एकाएकी उठणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, मोडलेली झोप, योनिमार्गाचा कोरडेपणा, वारंवार होणारी लघवीची जळजळ या तक्रारी खऱ्या असतात. मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर अतिसंवेदनशील होते आणि थोड्याशा बदलानेही शरीर तापल्याचा चुकीचा संदेश देते, म्हणून या वाफा येतात. हे ‘मनाचे खेळ’ नव्हेत. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात या तक्रारी सात वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे आढळले. सात वर्षे मोडक्या झोपेने संसार आणि नोकरी करणे ही क्षुल्लक बाब नाही.

बाजाराची घाई, भीतीची घाई

या उपचाराचा इतिहास पाहिला तर स्त्रीच्या आरोग्याबाबत जगाने दोन्ही टोकांच्या चुका केल्याचे दिसते. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा अभावाचा रोग असल्याचे आणि संप्रेरकांनी स्त्री कायम तरुण राहू शकते असे चित्र रंगवले. वार्धक्याची भीती दाखवून औषध विकण्याचा तो नमुनाच होता. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढत असल्याचे पुरावे प्रसिद्ध झाले. त्यानंतर गर्भाशय असलेल्या स्त्रीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे दुसरे संप्रेरकही सोबत देण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरे टोक २००२ मध्ये गाठले गेले. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीतील १६,६०८ स्त्रियांचा संयुक्त गोळ्यांचा विभाग जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर पसरली आणि लक्षावधी स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. त्या २६ टक्क्यांचा अर्थ थोड्यांनीच समजून घेतला. गोळ्या न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाकाठी ३० जणींना हा कर्करोग झाला, गोळ्या घेणाऱ्या तेवढ्याच स्त्रियांमध्ये ३८ जणींना. म्हणजे वर्षाला दर १०,००० मागे ८ अधिक. पक्षाघाताचे प्रमाण २१ वरून २९ वर गेले, हृदयविकाराचे ३० वरून ३७ वर. उलट खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण १५ वरून १० वर आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे १६ वरून १० वर आले.

हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत, पण थरकाप उडवणारेही नाहीत. शिवाय चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या, रक्तवाहिन्या वयाने कठीण होऊ लागलेल्या स्त्रियांवरील निष्कर्ष पंचेचाळीस-पन्नासच्या स्त्रीला जसाच्या तसा लावण्यात आला. पुढील वर्षांत वयानुसार केलेल्या विश्लेषणातून हा भेद स्पष्ट झाला. त्याच चाचणीच्या १८ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, तेव्हा संप्रेरके घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्युदरात फरक आढळला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचे ठळक चौकटीतील इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाविषयीचा इशारा केवळ इस्ट्रोजेनच्या औषधांसाठी कायम ठेवला. आता लंबक पुन्हा दुसरीकडे झुकण्याची चिन्हे आहेत. चौकट निघाली म्हणजे धोका निघाला, असे समजण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणानुसार, वयाच्या पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे रोज संयुक्त संप्रेरके घेतल्यास पुढील वीस वर्षांत दर ५० स्त्रियांमागे एकीला स्तनाचा कर्करोग अधिक होतो. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २०० मागे एक असे आढळले, तर अमेरिकी चाचणीच्या त्या विभागात वाढीऐवजी घटच दिसली. हे हिशेब मुख्यतः पाश्चात्त्य स्त्रियांचे आहेत. भारतात या कर्करोगाचे मूळ प्रमाण कमी आहे. तरीही धोका शून्य नाही, हे लक्षात ठेवावेच लागते.

महाडने घालून दिलेला धडा

भीती आणि भाबडेपणा या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. सवच्या शेजारचे महाड त्यासाठी पुरेसे आहे. विंचूदंशाने कोकणात एकेकाळी लहान मुले आणि शेतकरी मोठ्या संख्येने दगावत. मंत्र, उतारा, झाडपाला यांवरच लोकांची भिस्त होती. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये दाखल झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि हृदयाची स्थिती यांच्या नोंदी ठेवल्या. प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त औषधाचा उपयोग त्यांनी सिद्ध केला आणि ते निष्कर्ष १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. ४० टक्क्यांच्या घरातील मृत्यू एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

औषध देशी की विदेशी, जुने की नवे, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरला. कोणत्या रुग्णाला, कोणत्या वेळी, किती मात्रेत आणि काय परिणाम होतो, हे मोजणे महत्त्वाचे ठरले. हीच कसोटी संप्रेरकांना लावावी, आणि तीच शतावरीलाही लावावी. ‘नैसर्गिक’ एवढ्या शब्दावर विसंबून बाजारात विकल्या जाणाऱ्या चूर्णांची, सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्यांची जाहिरात आज जोरात आहे. आयुर्वेदाचा खरा अभिमान असणाऱ्यांनी तर या औषधींच्या काटेकोर, मोठ्या चाचण्यांचा आग्रह धरला पाहिजे. परीक्षेला घाबरणारी श्रद्धा शास्त्राच्या कामाची नसते.

निर्णय कसा व्हावा?

आजच्या ज्ञानानुसार हिशेबाची चौकट बरीच स्पष्ट आहे. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षे होण्यापूर्वी, त्रासदायक लक्षणे असलेल्या आणि अन्यथा निरोगी असलेल्या स्त्रीला संप्रेरक उपचारापासून होणारा लाभ सामान्यतः धोक्यापेक्षा अधिक असतो. गरम वाफांचे प्रमाण त्याने सुमारे तीन चतुर्थांश कमी होते आणि हाडांची झीज आटोक्यात राहते. साठीनंतर तो नव्याने सुरू करणे सहसा हिताचे नसते. केवळ हृदयविकार टाळावा, बुद्धी तल्लख राहावी किंवा चेहऱ्याला तजेला यावा म्हणून तो घेऊ नये. त्याचा मुख्य उपयोग लक्षणे शमवण्यासाठी आहे.

स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेला असेल, कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल, पायातील किंवा फुप्फुसातील रक्तवाहिनीत पूर्वी गुठळी झाली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा यकृताचा सक्रिय विकार असेल, तर हा उपचार वर्ज्य समजावा. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास तज्ज्ञाशी अधिक सखोल चर्चा हवी. गर्भाशय शाबूत असेल तर केवळ इस्ट्रोजेन कधीही घेऊ नये. त्वचेवर लावण्याच्या जेलमधून किंवा पट्टीतून इस्ट्रोजेन दिल्यास गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी आढळतो. तक्रार केवळ योनिमार्गाच्या कोरडेपणाची असेल, तर स्थानिक मलम पुरते. त्यातील औषध रक्तात अत्यल्प उतरते.

सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर, स्तनांची तपासणी आणि गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी. सुरू केल्यावर वर्षातून एकदा फेरविचार व्हावा. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणे हा उपचार नव्हे, ते संकटाला आमंत्रण आहे. आणि संप्रेरके घ्यायची नसतील किंवा घेता येत नसतील, तरी मार्ग खुंटत नाही. चालणे, वजन पेलण्याचे व्यायाम, पुरेशी प्रथिने, कॅल्शियम, सकाळचे ऊन, तंबाखू-मिश्रीचा त्याग आणि गरजेनुसार संप्रेरकरहित औषधे हेही पर्याय आहेत.

ज्यांना निवडच मिळाली नाही

हा सारा विचार ज्यांच्या वाट्याला कधीच आला नाही, अशा स्त्रियांचा उल्लेख टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पाळीमुळे बुडणारी मजुरी आणि कर्करोगाची घातलेली भीती, अशी त्यामागची कारणे पुढे आली.

गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले, तर त्या क्षणी रजोनिवृत्ती येते आणि ती अतिशय तीव्र असते. बीजांडकोश राखले तरी पाळी जाण्याच्या वयातील बदल अलीकडे ओढले जाऊ शकतात. पंचेचाळिशीच्या आत अशी अवस्था आलेल्या स्त्रीला हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच अन्य अडचण नसेल तर तिला निदान नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, यावर वैद्यकात व्यापक सहमती आहे. ज्या स्त्रीला या उपचाराची सर्वाधिक गरज, तिच्यापर्यंतच तो पोहोचत नाही, हा यातील खरा अन्याय आहे. शहरातील सुखवस्तू स्त्री घ्यावे की न घ्यावे याचा विचार करते. गावातील स्त्रीला मात्र ‘पिशवी काढली की सुटका’ एवढेच सांगितले जाते.

घराने आणि समाजाने काय करावे?

निर्णय अखेर त्या स्त्रीचाच असला पाहिजे. शरीर तिचे, त्रास तिचा, धोकाही तिचाच. पण तो तिने एकटीने, चोरून, घाबरत घेऊ नये. पतीने तिच्यासोबत दवाखान्यात जावे, मुलग्याने आईच्या चिडचिडीवर विनोद करणे थांबवावे, सासूने आपण कसे सोसले याचा दाखला सुनेला देऊ नये. पिढ्यांनी सोसले, कारण त्यांच्यापुढे उपाय नव्हता. उपाय असताना सोसायला लावणे याला त्याग म्हणता येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येक तपासणी हाताशी असतेच असे नाही. तेथे संघटित समाजाची गरज आहे. आरोग्य शिबिरे बहुधा डोळे आणि मधुमेह यांभोवती फिरतात. त्यांत चाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी रक्तातील लोह, थायरॉईड, रक्तदाब आणि स्तनांची तपासणी समाविष्ट व्हावी. संक्रांतीचे हळदीकुंकू, श्रावणातील मंगळागौर, नवरात्रातील भोंडला या निमित्तांनी गावोगाव स्त्रिया एकत्र येतात. त्यातील एक तास स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर किंवा अनुभवी परिचारिकेला द्यावा. न्हाण आल्यावर मुलीचे कौतुक करणारी परंपरा जेथे होती, तेथे पाळी गेल्यावर आईची विचारपूस करणारी परंपरा रुजवणे अवघड नाही. त्यासाठी मखराचीही गरज नाही. ‘तुला काय होते आहे?’ हा प्रश्न घरातील कोणीतरी मनापासून विचारावा आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावे, एवढे पुरेसे आहे.